बोट तिकडे, मालक इकडे

मार्च २०२०पासून कोविडमुळे प्रवासावर निर्बंध आले आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच झाला: बोट बंदरात, आपण घरात आणि मधला रस्ता बंद. त्यातले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: माझी ३२ फुटी शिडाची बोट मरीनात पाण्यातच उभी आहे. चार महिने तिकडे जाता आलेलं नाही. तिथला एक कर्मचारी आठवड्यातून एकदा नजर टाकायला तयार आहे, पण दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ शकत नाही. त्याला नेमकं काय बघायला सांगू?

क्रम ठरवून दिलात तर दहा मिनिटं पुष्कळ झाली. बोटीवर पाय ठेवण्याआधी त्याने धक्क्यावरूनच पाण्याची रेषा बघावी आणि मागच्या आठवड्याच्या फोटोशी ताडावी. बोट कललेली किंवा मागून बसलेली दिसली, तर आत पाणी आहे.

मग कॉकपिटची, म्हणजे बोट चालवायला बसतात त्या उघड्या खोलगट जागेची, निचऱ्याची भोकं. वादळाची धास्ती सगळ्यांनाच असते, पण बांधून ठेवलेल्या कितीतरी बोटी साध्या पावसाने बुडतात. पानं आणि पक्ष्यांची घाण भोकात अडकते, कॉकपिट हौदासारखा भरतो, त्या वजनाने बोटीचा मागचा भाग खाली जातो. एरवी पाण्याच्या वर राहणारी छिद्रं मग पाण्याखाली येतात आणि गळती पंपाच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून नुसतं भोक बघून भागत नाही. बादलीभर पाणी ओतून ते झटकन जातंय का, हे बघायला सांगा.

तिसरं काम दोरांचं. दोर जिथे काठावरून वळतो, तिथे तो हाताने चाचपावा. नायलॉन लोकरीसारखं फुललं असेल, तर तिथे जाड रबरी नळीचा तुकडा चढवून तो बांधून टाकावा, नाहीतर घसरून भलतीकडे जातो. प्रत्येक मुख्य दोराच्या जोडीला दुसरा दोर जरासा सैल आणि वेगळ्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) बांधलेला हवा. दोन्ही दोर एकाच जागी, एकाच ताणाने बांधले तर दोन्ही एकाच वेळी झिजतात.

शेवटी आत जाऊन बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, किती पाणी साचलंय ते मोजपट्टीने बघावं. तेलाचा वास नसेल तर त्या पाण्यात हाताचं बोट बुडवून जिभेला लावावं. गोडं पाणी पावसाचं किंवा टाकीचं. खारं असेल तर शाफ्टची (प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याची) सील, सीकॉक (समुद्राचं पाणी आत-बाहेर नेणाऱ्या छिद्राची झडप) किंवा एखादा पाइप गळतोय. शाफ्टच्या सीलमधून मिनिटाला एखादा थेंब पडला तर चिंता नको. दहा थेंब पडत असतील तर दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी साचतं, महिन्यात वीसेक लिटर. कॉकपिटचा निचरा ज्यांतून होतो ते सोडून बाकी सगळे सीकॉक बंद असावेत.

पाण्याची रेषा, बिल्ज आणि बॅटरीचा व्होल्टमीटर असे तीन फोटो दर वेळी त्याच कोनातून मागवा. ‘सगळं ठीक आहे’ या निरोपावरून काहीच कळत नाही.

प्रश्न: बॅटऱ्या टिकाव्यात म्हणून किनाऱ्यावरची वीज सतत जोडून ठेवू का?

बिल्ज पंप बॅटरीवर चालतो, त्यामुळे मोह होतो. आधी हिशोब बघा. १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतली निम्मी वीजच वापरायची धरली, तर ३ अँपिअर खाणारा पंप सलग साधारण सोळा-सतरा तास चालेल. पाणी चढलं की पंप चालू करणाऱ्या फ्लोट स्विचखाली चिंधी अडकली तर पाणी नसतानाही पंप तेवढाच वेळ फिरेल आणि बॅटरी बसेल. स्विच हाताने उचलून सोडला की पंप बंद होतो का, हेही त्या माणसाला बघायला सांगा.

पण बघायला कोणी नसताना वीज जोडून ठेवण्याचेही दोन धोके आहेत. एक, ढिल्या किंवा गंजलेल्या प्लगमध्ये उष्णता निर्माण होते आणि आग लागू शकते. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. अर्थिंगच्या तारेमुळे तुमची बोट शेजारच्या बोटींशी जोडली जाते आणि तुमचे जस्ताचे अॅनोड, म्हणजे बोटीच्या धातूंऐवजी झिजण्यासाठी लावलेले तुकडे, शेजाऱ्यांच्या धातूंसाठी झिजू लागतात. ते संपले की पाळी तुमच्या शाफ्टची आणि प्रोपेलरची. अर्थिंगच्या तारेतून जाणारा हा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवलेला नसेल, तर महिनोन्‌महिने वीज जोडून ठेवू नका.

आमच्या मते २० ते ३० वॅटचं सौर पॅनेल आणि त्याला कंट्रोलर हा बरा मार्ग. बॅटरीची आपोआप होणारी घट आणि पंपाची अधूनमधूनची फेरी त्यात निघून जाते. भार नसताना बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. १२.४च्या खाली ती आठवडेच्या आठवडे राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि नंतर कितीही चार्ज केलं तरी क्षमता पुरती परत येत नाही. लिथियमचं गणित उलटं: ती निम्मीशी भरून, तारा सोडवून ठेवायची. मात्र पंप तिच्यावर असेल तर तारा सोडवू नका.

प्रश्न: वर्षभर इंजिन बंद आहे. डिझेलची टाकी अर्धी होती. आता परवानगी मिळाली आहे, तर जाऊन सरळ चालू करू का?

नको. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतल्या दमटपणाचं थंडाव्याने पाणी होतं आणि तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात, तिथे जिवाणू-बुरशी वाढते. हा काळपट, बुळबुळीत गाळ बोट धक्क्याला असताना गप्प असतो आणि बाहेर लाटांत टाकी ढवळली की फिल्टर बुजवतो. इंजिन नेमकं नको तिथे बंद पडतं ते यामुळे. टाकीच्या अगदी तळातून नळीने नमुना काढून काचेच्या बरणीत काही तास ठेवा. खाली पाण्याचा थर किंवा मध्ये काळे धागे दिसले तर आधी तळ उपसून काढा. नुसतं औषध ओतलंत तर बुरशी मरते, पण मेलेला गाळ टाकीतच राहतो आणि शेवटी फिल्टरमध्येच येतो. पहिल्या काही फेऱ्यांना तीन-चार जादा फिल्टर बरोबर ठेवा.

नंतर इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी इंपेलर, म्हणजे त्यातलं पात्यांचं चाक. एकाच जागी दबून त्याची पाती वाकडी राहतात, मुळाशी चिरतात. नवा घालाच. जुन्याची पाती मोजा. एखादं कमी भरलं तर तो तुकडा पुढे इंजिन थंड करणाऱ्या हीट एक्स्चेंजरमध्ये अडकलेला असणार. तेल बदला, पट्टे बघा, इंजिन हाताने एक-दोन वेढे फिरवून मोकळं आहे याची खात्री करा.

आता खरी गोम. वर्षभर थांबलेलं इंजिन पहिल्या झटक्यात क्वचितच पेटतं. ते नुसतं फिरवत राहिलात तर पंप पाणी खेचत राहतो, पण ते बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा जोर नसतो. वॉटरलॉक, म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेवरचा पाणी साठणारा डबा, भरतो आणि पाणी मागे सिलिंडरमध्ये शिरतं. तशात इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून इंजिनाच्या पाण्याचा सीकॉक बंद ठेवून प्रयत्न करा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये स्टार्टर निवू द्या. इंजिन पेटल्याबरोबर सीकॉक उघडा, नाहीतर नवा इंपेलर कोरडा फिरून जळेल. यासाठी दोन माणसं हवीत. एक्झॉस्टमधून पाणी पडताना दिसलं की मगच हुश्श करा.

प्रश्न: लांबच्या सफरीवर निघालो आणि वाटेत असताना पुढची बंदरं बंद झाली तर?

मार्च २०२०मध्ये पनामाहून दक्षिण पॅसिफिकमधल्या मार्केसास बेटांकडे निघालेल्या शिडाच्या बोटींवर हेच गुदरलं. तो टप्पा जवळपास ४,००० सागरी मैलांचा, तीन ते पाच आठवड्यांचा. निघताना दारं उघडी होती, पोचेपर्यंत बंद. म्हणून पाणी आणि शिधा ठरलेल्या दिवसांच्या दुपटीने घ्या आणि दुसरं बंदरच नव्हे, तर मागे फिरण्याचा बिंदूही नकाशावर आखून ठेवा.

बंदराच्या जवळ आलात की व्हीएचएफ रेडिओवर आधी बोला आणि क्यू हा पिवळा झेंडा लावा. ‘बोटीवर सगळे निरोगी आहेत, प्रवेशाची परवानगी द्या’ असा त्याचा अर्थ. बोट विलगीकरणात असल्याचा बंदरातला झेंडा वेगळा, काळ्या-पिवळ्या चौकटींचा एल. नांगर सांगतील तिथेच टाका आणि किनाऱ्यावर कोणी उतरू नका. काही ठिकाणी समुद्रातले दिवस विलगीकरणात धरले, काही ठिकाणी नाही. धरले जाण्याची शक्यता वाढवायची असेल तर मागचं बंदर सोडल्याचा शिक्का, जीपीएसची नोंद आणि रोजचं प्रत्येकाचं तापमान लॉगबुकात हवं. सुकाणू तुटलं, बोटीत पाणी शिरलं, कोणी गंभीर आजारी पडलं तर आसऱ्याची मागणी स्पष्ट शब्दांत करा. शिधा संपत आल्याचं कारण मात्र संकट म्हणून मांडू नका. ती वेगळी विनंती आहे आणि बऱ्याचदा नांगरावरच सामान पोचवून ती मान्य होते.

प्रश्न: बोट वादळाच्या हंगामात ठरल्याप्रमाणे दुसरीकडे नेता येत नाही. विम्याचं काय?

आजच कंपनीला लेखी कळवा. बऱ्याच पॉलिसींमध्ये हंगामात कोणत्या हद्दीबाहेर राहायचं हे लिहिलेलं असतं, आणि सरकारने अडवलं म्हणून ती अट आपोआप शिथिल होत नाही. अटलांटिकचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. दक्षिण पॅसिफिकचा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मुदतवाढ फोनवर मिळाली असेल तर ती ई-मेलवर मागून घ्या. नियमित तपासणीची अट असेल तर वर सांगितलेले तारीखवार फोटो इथे कामी येतात.

प्रश्न: लाकडी बोट वर्षभर जमिनीवर आहे, फळ्यांत फटी पडल्या आहेत. पुट्टी भरून पाण्यात सोडू का?

कडक पुट्टी भरू नका. लाकूड पाणी पिऊन फुगलं की ती बाहेर तरी फेकली जाते, नाहीतर फळीवर ताण आणते. पाण्यात सोडण्याआधी काही दिवस आतून ओली पोती टाकून ठेवा आणि बाहेरून रोज पाणी मारा. मग क्रेनच्या पट्ट्यांतच बोट तरंगती ठेवून पहिली रात्र काढा, मोठा पंप हाताशी ठेवून. फटी मिटायला एक-दोन दिवस लागू शकतात. त्यानंतरही एखाद्या जागी धार राहिली, तर ती फट नव्हे. फळ्यांच्या जोडात ठासलेला तिथला कापूस सुटला आहे, आणि बोट पुन्हा वर घ्यावी लागेल.