अ‍ॅव्हरेज कितीही असो, गाडी फिरणार किती?

ताई, तुमचं पत्र थोडक्यात असं: अकरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आता काढून नवी गाडी घ्यायची आहे. घरात सासू-सासरे, तुम्ही दोघं आणि मुलगा. मुलगी पुण्याला शिकते. गाडी वर्षाला ९,००० किलोमीटरच्या आसपास फिरते. शोरूमवाला सीएनजीच्या मागे लागलाय, ती त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा ९५,००० रुपयांनी महाग. दीर म्हणतात हायब्रिडच घ्या, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली, ती ४ लाखांनी महाग. आणि शेवटी सहज लिहिलंय की मिस्टर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रोज दुचाकीवर जातात, कारण जुनी गाडी पेट्रोल पिते. सगळा निर्णय या एका वाक्यावर अडलाय. त्याकडे नंतर येतो.

आधी अ‍ॅव्हरेज. माहितीपत्रकातला 'लिटरमागे इतके किलोमीटर' हा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. तिथे ना कोल्हापुरातल्या दाभोळकर कॉर्नरची गर्दी, ना मे महिन्यातला एसी, ना पाच माणसांचं वजन. त्यातून २०-२५ टक्के वजा करा. शिवाय आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, त्यामुळे थोडा फटका तिथेही बसतो. (इथेनॉलचा ऊस आपल्याच जिल्ह्यातला, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करायची!)

आता हिशेब. पेट्रोल १०५ रुपये लिटर, सीएनजी ९० रुपये किलो धरतो. तुमच्या पंपावरचा भाव घालून पुन्हा करा. पेट्रोल गाडीने प्रत्यक्षात लिटरला १७ किलोमीटर दिले तर किलोमीटरला ६ रुपये १८ पैसे. सीएनजीने किलोला २२ दिले तर ४ रुपये ९ पैसे. फरक दोन रुपयांच्या थोडा वर, म्हणजे ९५,००० वसूल व्हायला ४५,००० किलोमीटर हवेत. आजच्या फिरण्याने त्याला पाच वर्षं लागतील. हे ९५,००० सुद्धा कर्जाने घेणार असाल तर नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता महिन्याला १,९७० च्या पुढे जातो आणि इंधनात वाचतात १,५७० च्या आतबाहेर. कर्ज फिटेपर्यंत खिशातून जास्तच जाणार.

हायब्रिडवर फार वेळ घालवत नाही. लिटरला २४ धरले तरी वर्षाला वाचतात १६,००० च्या आसपास, आणि ४ लाख वसूल व्हायला पंचवीस वर्षं. गाडीची पहिली नोंदणी पंधराच वर्षांची असते. गाडीचा शांतपणा आवडला म्हणून घ्यायची तर जरूर घ्या, पण दिरांना बचतीचं कारण सांगू देऊ नका.

आता कागल. नवी गाडी आल्यावर मिस्टर तिनेच कामावर जाणार का? जाणार असतील तर वर्षाला साधारण १३,५०० किलोमीटर वाढतील, एकूण साडेबावीस हजार. मग सीएनजीचे ९५,००० दोन वर्षांत वसूल होतात आणि माझं मत सरळ सीएनजीला. पण खर्च कमी होईल असं मात्र समजू नका. दुचाकीला लिटरमागे ५० धरले तर तेवढ्याच अंतराला २८,००० लागतात. सीएनजी गाडीला ५५,०००. महिन्याला सव्वादोन हजारांचा जादा खर्च. इंधन स्वस्त झालं की गाडी जास्त बाहेर निघते, हे बहुतेक घरांत होतं. तरीही जुलैच्या पावसात महामार्गावर ट्रकांच्या मधून दुचाकी चालवण्यापेक्षा हे पैसे मी आनंदाने खर्च करीन. फक्त ते 'सुरक्षितता' म्हणून मांडा, 'बचत' म्हणून नको.

दुचाकीच चालू राहणार असेल, तर साधं पेट्रोल मॉडेल घ्या आणि कर्ज तेवढ्याने कमी काढा.

सीएनजीचं ठरलं तर दोन गोष्टी. टाकीची दर तीन वर्षांनी दाब चाचणी करावी लागते, तो किरकोळ खर्च धरून ठेवा. आणि डिकी. काही मॉडेलमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या खाली बसवतात, तिथे जागा बरी उरते. बाकीच्यांत एक बॅग गेली की संपलं. मुलीला भेटायला पुण्याला निघताना तुम्ही पाच जण, तिचे डबे, शिवाय सासूबाईंची पिशवी. बुकिंगचे पैसे भरण्याआधी सासू-सासऱ्यांना सोबत घेऊन जा, त्यांना मागे बसवा आणि घरच्या बॅगा त्या डिकीत प्रत्यक्ष ठेवून बघा. शोरूमवाला कुरकुरेल, कुरकुरू द्या.