नवरीच्या मांडीवर हातोडा का ठेवतात?

प्रश्न: ताई, माझा भाचा आइसलँडला रेक्याविकमधे असतो, तिथल्याच मुलीशी लग्न करतोय. मुलीकडचे थॉर, ओडिन असे जुने देव मानतात. लग्नात नवरीच्या मांडीवर हातोडा ठेवणार, तलवारी पण असणार म्हणे. मला धाकधूक वाटतेय. बळी देतात का? लग्न कायद्यात बसतं का? आणि मी तिला काय न्यावं? – एक मावशी, कोल्हापूर

उत्तर: मावशी, बळीबिळी काही नसतो, तिथली आसात्रू संस्था, म्हणजे हे जुने देव मानणाऱ्यांची संस्था, तो मानतच नाही. ही संस्था १९७२ ची, १९७३ ला सरकारी मान्यता मिळाली, त्यामुळे त्यांच्या गोदीने म्हणजे पुजाऱ्याने लावलेलं लग्न पक्कं कायदेशीर.

आता हातोडा. एक जुनं काव्य आहे, थ्रिम्सक्विडा. थॉरचा हातोडा एक राक्षस पळवतो आणि म्हणतो फ्रेया देवी बायको म्हणून द्या तरच परत देईन, मग थॉर स्वतःच नवरी बनून जातो, तोंडावर पदर, गळ्यात फ्रेयाचा हार, कमरेला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळतोय, आणि जेवायला बसल्यावर ही नवरी अख्खा बैल आणि आठ सामन मासे संपवते! तरी राक्षस म्हणतो, हातोडा आणा, नवरीच्या मांडीवर ठेवा, वार देवीच्या साक्षीने आमचं लग्न लावा. वार म्हणजे स्त्रीपुरुष एकमेकांना जो शब्द देतात तो ऐकणारी देवी. हातोडा मारायचा असतो तसा पवित्र करायचाही असतो, मला तर आपली ओटीच आठवते, मांडीवर ठेवलेलं ते आशीर्वाद म्हणूनच. त्यामुळे तो दिसला की घाबरू नका, हात जोडा.

अंगठीवर हात ठेवून शपथ घेणंही जुनंच, एका सागेत, म्हणजे आइसलँडच्या जुन्या गद्य कथेत, देवळातल्या शपथेच्या कड्याचं वर्णन आहे, जवळजवळ अर्धा किलो वजनाचं, सभेला गोदी ते हातात घालायचा.

तलवारीचं मात्र नेटवर फार रंगवून सांगतात, की नवरा पूर्वजाच्या थडग्यातून तलवार उकरून आणायचा वगैरे. लग्नाची रीत म्हणून हे सागांमधे नाही. लग्नात शस्त्रं द्यायची-घ्यायची हे टॅसिटस नावाच्या रोमन माणसाने इ.स. ९८ च्या सुमारास लिहिलंय, पण ते जर्मन टोळ्यांबद्दल, आइसलँडमधे वस्तीच व्हायच्या कितीतरी आधीचं. हाताला दोरी गुंडाळतात तेही आत्ताचंच, पूर्वी साक्षीदारांसमोर हातात हात देऊन सोयरीक पक्की करायचे. पण नवीन म्हणून खोटं असं मी म्हणणार नाही, करणारी पोरं मनापासून करतात.

आणि न्यायचं म्हणाल तर कमरेचा चांदीचा छल्ला न्या. त्यांच्याकडेही घराच्या किल्ल्या म्हणजे घरधनिणीचा मान, बायकांच्या थडग्यांमधे किल्ल्या सापडल्यात. फक्त रिकामा नेऊ नका, दोन जुन्या किल्ल्या अडकवा म्हणजे खुळखुळेल.