बडोद्यात पंक बँडच्या कार्यक्रमाला मुलीसोबत जावं का? की नुसता आरडाओरडाच असतो?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावीत आहे, तिला मुंबईचा एक जुना पंक (वेगवान, रांगडं रॉक संगीत) बँड आणि त्याच्याआधी वाजवणारे दोन नवे बँड ऐकायचेत, तुमचे कान नाट्यसंगीतावर तयार झालेले, आणि तिथे धक्काबुक्की होते असं कुणीतरी सांगितलंय.

जा. तिला दारात सोडून परत फिरू नका, तुम्हीही आत जा.

मी दांडिया बाजारातला. 22 वर्षं साउंड लावतोय: गरबा, गणपती, लग्नाचे संगीत, कॉलेजांचे कार्यक्रम. दोन वर्षांपूर्वी असेच एक जुना आणि दोन नवे बँड होते आणि डेस्कवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या टेबलावर, मी होतो. तोवर मलाही वाटायचं की ज्यांना वाजवता येत नाही ते मोठ्यानं वाजवतात, त्याला पंक म्हणतात. ते चूक आहे. गिटारच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, तीन-चारच असतात, पण लय मिनिटाला 180 ठोक्यांच्या आसपास आणि ती शेवटपर्यंत ढळू द्यायची नसते. न्यूयॉर्कच्या रामोन्स बँडचा 1976 सालचा पहिला अल्बम बघा. 14 गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. त्यांचा गिटारवाला जॉनी रामोन पिक (तारा छेडायची छोटी चकती) फक्त वरून खाली मारायचा, खालून वर नाही. हात दुप्पट थकतो, पण प्रत्येक ठोका सारख्या वजनाचा पडतो. तबल्यावर तासभर द्रुत लय धरणाऱ्याला विचारा, त्याला हे लगेच कळेल.

शब्द नीट ऐकू येत नाहीत हे मात्र खरं. त्याचं कारण बऱ्याचदा साधं असतं: गाणारा माइकची जाळी मुठीत धरतो. मग माइक समोरचाच नाही, चहूकडचा आवाज घेतो आणि शिट्टी मारायला लागतो. नव्या मुलांना हे मी दर वेळी सांगतो. जुन्यांना सांगावं लागत नाही.

आपल्याकडे दारूबंदी असल्यामुळे मुंबईसारखे पबमधले कार्यक्रम इथे नाहीत. कॅफे, सभागृह, एखादी गच्ची. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, म्हणून सहा-साडेसहालाच सुरुवात होते. मुलगी साडेदहापर्यंत घरी येईल.

आता मुख्य गोष्ट. लोक जुन्या बँडसाठी येतात आणि मुद्दाम उशिरा येतात. तसं करू नका. त्या दिवशी पहिला बँड आपल्या बडोद्याचाच होता, विशीतली चार मुलं, त्यातला गाणारा घरी मराठी बोलणारा. सभागृहाची फरशी गुळगुळीत, आणि ड्रमखाली घालायला काहीच नव्हतं. ती चूक माझी. दुसऱ्या गाण्यापासून मोठा ड्रम पायाच्या प्रत्येक ठोक्याला बोटभर पुढे सरकायला लागला. ड्रमवाली मुलगी वाजवता वाजवता डाव्या हातानं तो मागे ओढायची आणि लय एका मात्रेनं लंगडायची. मी विटा शोधायला माणूस पाठवला.

तेवढ्यात जुन्या बँडचा गाणारा, पन्नाशी उलटलेला माणूस, गर्दीतून पुढे आला. स्टेजवर चढला, ड्रमसमोर प्रेक्षकांकडे तोंड करून खाली बसला आणि पाठ ड्रमला टेकवली. दोन्ही टाचा मॉनिटरला, म्हणजे स्टेजवरच्या वाजवणाऱ्यांसाठीच्या स्पीकरला, लावल्या. उरलेली सहाही गाणी तो तसाच बसून होता. पायाचा प्रत्येक ठोका त्याच्या पाठीत बसत होता, डेस्कवरून मला त्याचे खांदे हलताना दिसत होते. ओठ हलत होते, म्हणजे त्या मुलांची गाणी त्याला पाठ होती. मुलीचा डावा हात मोकळा झाल्यावर ती जे वाजवायला लागली, ते मी विसरणार नाही.

नंतर तोच माणूस स्टेजवर आला तेव्हा ती मुलं सगळ्यात पुढे होती. त्याचा आवाज वरच्या पट्टीत फाटत होता, पण दोन गाण्यांच्या मध्ये श्वास कुठे घ्यायचा, ओरडायचं कुठे आणि नुसतं बोलायचं कुठे, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. लंडनच्या यूके सब्ज या बँडचा चार्ली हार्पर 1944 चा जन्म, तो ऐंशीव्या वर्षीही गात होता. कसं जमत असेल, ते मला त्या रात्री थोडं उमगलं. नव्या मुलांकडे भूक असते, जुन्यांकडे काटकसर. दोन्ही एकाच संध्याकाळी ऐकायला मिळतंय, म्हणून पहिल्या बँडपासून जा म्हणतोय.

धक्काबुक्कीचं सांगतो. पुढे मध्यभागी पोरं गोल धावतात आणि खांद्याला खांदा आदळतो. मी पाहिलं तेव्हा तो गोल घड्याळाच्या उलट फिरत होता, आपल्या गरब्यासारखाच. कुणी पडलं की आजूबाजूचे दहा हात त्याला आधी उभं करतात, मग परत धावतात. तरी तुम्ही त्यात शिरू नका. डेस्कच्या शेजारी उभे राहा, आवाज तिथेच सगळ्यात नीट लागतो, कारण आम्ही तो तिथल्या कानानंच लावतो. मुलीला पुढे जाऊ द्या, फक्त चपला नको, बूट घालायला सांगा.

कानांचं मात्र हलक्यात घेऊ नका. 85 डेसिबल आठ तास चालतात, पण दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं सुरक्षित, आणि लहान सभागृहात तेवढा आवाज नुसत्या ड्रम आणि गिटारचाच होतो. कापसानं भागत नाही. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, दोघांसाठी घ्या.

आयोजकांनी साउंडला मला बोलावलं, तर डेस्कवर येऊन भेटा. ड्रमखाली घालायला तेव्हापासून एक जाड सतरंजी माझ्या टेम्पोत कायम असते.