बटणाचा फोन ठेवा, स्मार्टफोनही घ्या, पण बँक वेगळी

प्रश्न : मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो. वय ६७. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आम्ही दोघंच असतो. ईपीएस-९५ चं पेन्शन २,९०० रुपये येतं. सीनियर सिटिझन योजनेत १२ लाख आहेत, त्याचं व्याज दर तिमाहीला खात्यात जमा होतं. शिवाय ४ लाखांची एफडी आणि बचत खात्यात ९० हजारांच्या आसपास. सगळं एकाच बँकेत. आजवर बटणाचा फोन वापरला, काही अडलं नाही. स्मार्टफोन घरात आणायचाच नाही असं ठरवलं होतं. पण मुलगी-जावई आता बेंगळुरूला गेले, नात दीड वर्षाची आहे आणि हिला ती रोज दिसायला हवी. दुकानात, दवाखान्यात ‘स्कॅन करा’ म्हणतात. हयातीचा दाखलाही फोनवर होतो असं ऐकतो. जावई त्यांच्या कार्डावर २४ हजारांचा फोन बारा बिनव्याजी हप्त्यांत घेऊन देतो म्हणतात, हप्ते मी भरायचे. त्यांचा चार वर्षं वापरलेला एक फोनही पडून आहे. या वयात हा खर्च करावा का? आणि बँक फोनमध्ये आली की पैसे सुरक्षित राहतील का?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि पहिल्यावर तुम्ही जास्त शाई खर्च केली आहे. माझ्या मते दुसरा मोठा आहे, पण आधी पहिला उरकून घेऊ.

सीनियर सिटिझन योजनेचा दर ८.२ टक्के धरला तर १२ लाखांवर वर्षाला ९८,४०० रुपये, म्हणजे महिन्याला ८,२०० होतात. पेन्शन मिळवून हातात येतात ११,१०० रुपये. एफडीचं व्याज एफडीतच साठतंय असं मी धरलं आहे. आता १२ हजारांचा फोन घेतला आणि तो चार वर्षं चालला तर महिन्याला अडीचशे रुपये पडतात. इंटरनेटसह वर्षाचं रिचार्ज एकदम मारलं तर साडेतीन-पावणेचार हजारांच्या घरात जातं, म्हणजे महिन्याला तीनशे. एकूण साडेपाचशे, तुमच्या उत्पन्नाच्या पाच टक्के. बटणाच्या फोनचं रिचार्ज तुम्ही आजही भरता, म्हणून ते यात धरलेलं नाही. २४ हजारांचा फोन घेतला तर हाच आकडा आठशेवर जातो. तो फोन नातीचा चेहरा दुप्पट गोड दाखवणार नाही. १२-१३ हजारांच्या वर जाऊ नका.

हा खर्च झेपतो. बचत खात्यातून रोख दिले तरी मागे ७८ हजार उरतात, सात महिन्यांच्या उत्पन्नाइतके.

मात्र फोनमुळे पैसे वाचतील अशी समजूत करून घेऊन तो घेऊ नका. तुम्ही दिलेली दोन कारणं तपासली तर ती टिकत नाहीत. ईपीएसचा हयातीचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो. त्यासाठी नोव्हेंबरच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय २०२१ पासून आहे आणि ती नातेवाइकाच्या फोनवरूनही होते. पोस्टमनही घरी येऊन दाखला काढून देतो. राहिलं यूपीआय. साध्या फोनवरून पैसे पाठवण्यासाठी ‘यूपीआय १२३पे’ २०२२ पासून आहे. रांगेत मागे माणसं उभी असताना ते वापरणं जिकिरीचं आहे हे खरं, पण सोय आहे. मग उरलं एक कारण, नात. तेवढं पुरेसं आहे. आजी-आजोबांनी नातीला बघण्यासाठी महिन्याला साडेपाचशे रुपये खर्च करायला आर्थिक सबब शोधावी लागत नाही.

हप्त्यांबद्दल मात्र माझं स्पष्ट ‘नको’ आहे. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते. होतं असं की व्याजाइतकी सूट आधी किमतीत दाखवतात आणि मग ते व्याज हप्त्यांतून घेतात. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो तुम्ही भरता. बँकेने १५ टक्के व्याज धरलं असेल आणि प्रक्रिया शुल्क १९९ रुपये असेल, तर २४ हजारांवर बारा महिन्यांत साडेपाचशेहून थोडे जास्तच जातात. शिवाय रोखीवर मिळू शकणारी सूट गेली ती वेगळीच. रक्कम फार मोठी नाही. मला खटकतं ते वेगळं आहे : कार्ड जावयांचं आणि हप्ते तुमचे. एखाद्या महिन्यात तुमचे दोन हजार उशिरा पोचले आणि त्यामुळे त्यांचं बिल थकलं, तर दंड त्यांना बसेल आणि सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडाही त्यांचाच घसरेल. जावयाशी असा व्यवहार कशाला? त्यांना भेट द्यायची असेल तर त्यांनी फोन भेट द्यावा, नाहीतर तुम्ही रोख घ्यावा.

जुना फोन मागवून घ्या. नवीन सिम, २८ दिवसांचं रिचार्ज, आणि त्यात फक्त व्हिडिओ कॉल. बँकेचं काहीही नाही. महिना-दोन महिन्यांत कळेल की अक्षरं वाचता येतात का, हात बसतो का, इंटरनेट किती लागतं. त्या फोनला सुरक्षा अपडेट मिळणं थांबलं असण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून त्यावर यूपीआय नको. शिकायला तो उत्तम. नवीन घ्यायला जाल तेव्हा दुकानदार कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगत बसेल. तुम्ही एवढंच विचारा : या मॉडेलला सुरक्षा अपडेट अजून किती वर्षं मिळणार? चार वर्षं मिळणार नसतील तर वर मांडलेला अडीचशे रुपयांचा हिशोब कोलमडतो. दुकानातला विमा आणि वाढीव वॉरंटी नको म्हणा. कव्हर आणि काच मात्र घ्या.

आता दुसरा प्रश्न. तुमची जवळपास १७ लाखांची पुंजी एका बँकेत, एका ग्राहक क्रमांकाखाली, एका मोबाइल नंबरला जोडलेली आहे. आज ती सुरक्षित आहे, कारण तो नंबर ज्या फोनमध्ये आहे त्यात ॲप टाकताच येत नाही. तेच सिम स्मार्टफोनमध्ये घालून बँकेचं ॲप उघडलंत की बचत खातं, एफडी सगळं एका पडद्यावर येतं. बहुतेक बँकांच्या ॲपमधून एफडी मुदतीआधी मोडता येते. फोनचा ताबा मिळवणारे भामटे नेमकं तेच करतात : आधी एफडी मोडायची, पैसे बचत खात्यात आले की बाहेर काढायचे.

वाहकाला हे सांगायला नको. ड्युटीवर चढताना स्वतःची खासगी रोकड वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशोबाच्या कागदावर, नोंदवावी लागते, म्हणजे बॅगेतल्या महामंडळाच्या पैशांत ती मिसळत नाही. इथेही तेच करायचं आहे.

जुना नंबर बटणाच्या फोनमध्येच राहू द्या. मोठ्या बँकेला तोच, आधारलाही तोच. त्या बँकेचं ॲप कुठल्याही फोनमध्ये टाकू नका, शाखेत जाऊन काम करायची तुमची सवय चांगली आहे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या आदेशानंतर मोबाइल कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसची रिचार्ज द्यावी लागतात, तेव्हा या नंबरवर इंटरनेटचे पैसे भरायची गरज नाही. स्मार्टफोनमध्ये नवीन सिम आणि त्या नंबरला जोडलेलं छोटं खातं, तेही दुसऱ्या बँकेत. त्याच बँकेत दुसरं खातं उघडलंत तर ग्राहक क्रमांक तोच राहतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. पोस्टाची पेमेंट्स बँक चालेल, गावातली दुसरी एखादी बँकही चालेल. जुन्या बँकेत स्थायी सूचना द्या की दर महिन्याच्या ५ तारखेला या खात्यात ४ हजार रुपये जावेत. किराणा, औषधं, एसटीचं तिकीट, सगळं त्यातून. (सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालण्यात तुमची सगळी नोकरी गेली असेल, आता वाहकाच्या मशिनवरच क्यूआर येतो.) काही विपरीत घडलंच तर गेले ते जास्तीत जास्त चार हजार.

भाजी, चहा अशा किरकोळ खर्चासाठी यूपीआय लाइट सुरू करा. त्यात पाचशे रुपये ठेवा. दर वेळी पिन टाकावा लागत नाही, त्यामुळे भर बाजारात कुणी बोटांकडे बघत बसायला नको.

या व्यवस्थेला एक भोक आहे. बटणाच्या फोनवर आलेला ओटीपी तुम्हीच कुणाला वाचून दाखवलात तर वेगळी बँक कामाला येणार नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा की ना तुमची चूक, ना बँकेची, आणि पैसे परस्पर गेले, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर बोजा येत नाही. पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर मात्र कळवेपर्यंत झालेलं सगळं नुकसान तुमचं. म्हणून शंका आली की आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगेच बँकेला. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार कायद्यात नाही. पोलिसाच्या वेशातला कुणी व्हिडिओ कॉलवर आला तर फोन कापा, उद्धटपणा होईल याची चिंता नको. लग्नपत्रिका किंवा गाडीचा दंड म्हणून आलेल्या फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ दिसलं तर ते फोनमध्ये घुसणारं ॲप असतं, ती उघडू नका, पाठवणारा सख्खा भाचा असला तरी. त्याचाच फोन कुणाच्या तरी ताब्यात गेलेला असू शकतो.

रोज जवळ बाळगलेल्या फोनचा, पैशांचा सल्ला देण्याच्या माझ्या धंद्याला दिसणारा खरा धोका चोरीपेक्षा वेगळा आहे. सकाळ-संध्याकाळ कुणीतरी तुम्हाला काहीतरी विकत असतो. पहिल्या महिन्याला एक रुपया आणि मग दरमहा आपोआप कापले जाणारे दीड-दोनशे, हा त्यातला सौम्य प्रकार. दर महिन्याला यूपीआय ॲपमधलं ‘ऑटोपे’ उघडून बघा आणि ओळखीचं नाही ते रद्द करा. भयंकर प्रकार म्हणजे अनोळखी नंबरवरून शेअरच्या ग्रुपमध्ये ओढलं जाणं. तिथे रोज कुणाला तरी नफा झालेला असतो. निवृत्तीची रक्कम हातात असलेला माणूस त्यांना हवाच असतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल’ हे मुलीकडून बदलून घ्या आणि नवीन नंबर घरच्यांपलीकडे देऊ नका. फोनवरून समजलेल्या कुठल्याही योजनेत पैसे घालायचे नाहीत, ती खरी असली तरी. चांगल्या योजना तुमच्या बँकेच्या आणि पोस्टाच्या खिडकीवरही मिळतात.

एक सूचना तुम्ही न विचारता करतो. नवीन सिम आणि नवीन खातं पत्नीच्या नावावर घ्या. फोन मुळात त्यांनाच हवा आहे आणि पत्रावरून वाटतं की घरातले सगळे पैसे तुमच्या नावावर आहेत. उद्या तुम्ही दवाखान्यात असाल तर त्यांच्या हाताशी त्यांचं स्वतःचं चालू खर्चाचं खातं असेल. सीनियर सिटिझनचं खातं एकट्याचं आहे की दोघांचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. स्थायी सूचना द्यायला शाखेत जाल तेव्हा तेही पाहून या, आणि एफडीच्या पावतीवर नॉमिनीची नोंद आहे ना, तेही.