विसर्जनाच्या रात्रीची आठवण

प्रश्न : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माझा धाकटा भाऊ गेला. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. आजही विसर्जनाचे ढोल ऐकले की छातीत धडधडते. ती पहाट मनातून कशी काढून टाकू?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, ती पहाट काढून टाकण्याचा प्रयत्नच सोडावा, असे मी आपल्याला सुचवीन. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ मध्ये काही जणांना ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असे सांगितले, तेव्हा तेच अस्वल त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिले. कारण एखादा विचार टाळायचा, तर तो आला की नाही यावर मनाला सतत पहारा ठेवावा लागतो. ढोल वाजू लागले की पाय जमिनीवर घट्ट टेकवून, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावे घेत, आजचे साल मोठ्याने उच्चारावे, म्हणजे धोका आत्ता नाही हे शरीराला कळू लागते. भावाविषयी घरात बोलावे. त्याचे खेळ, त्याचे हट्ट आठवावेत, कारण त्याचे सारे आयुष्य त्या एका पहाटेत कोंडले जाणे मला फार अन्यायाचे वाटते. झोप उडत असेल किंवा घराबाहेर पडणे टळत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटावे. आघाताच्या आठवणींवर विशेष उपचारपद्धती आहेत आणि इतक्या वर्षांनंतरही त्यांचा उपयोग होतो. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनामूल्य, मराठीतून बोलता येते.