बीटलला एलएसडी बसवतोयस? मग आधी ऑइलचं ठरव

मित्रा, एलएसडी म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल: एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारं. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये डिफरेन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, दोघांना ऑइल एकच. म्हणून दुकानदाराने ‘एलएसडी आहे ना, मग जीएल-5 (गिअर ऑइलचा एक दर्जा) घ्या’ म्हटलं तरी लगेच डबा उचलू नकोस. जीएल-5 मधली काही अ‍ॅडिटिव्ह्ज सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगांना मानवत नाहीत. जीएल-4, 80डब्ल्यू-90 घे. प्लेटवाला एलएसडी असेल तर त्यात फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घर्षण कमी करणारं द्रव्य), तोही एलएसडी बनवणाऱ्याने सांगितला तेवढाच. जास्त झाला तर प्लेटा पकड सोडतात. प्लेटांऐवजी गिअरवर चालणाऱ्या, क्वाइफ कंपनीच्या एलएसडीसारख्या प्रकाराला तो लागतच नाही.

एलएसडीच्या प्लेटा कोरड्या बसवू नकोस, रात्रभर ऑइलात बुडवून ठेव. क्राउन (डिफरेन्शियलवरचा मोठा दातेरी गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) ही जोडी आहे, कधीच फोडायची नाही. क्राउनचे बोल्ट नवेच वापर.

खरी मेहनत शिममध्ये, म्हणजे गिअरची जागा नेमकी जुळवणाऱ्या पातळ चकत्यांमध्ये. जुने शिम तसेच टाकून चालत नाही, कारण एलएसडीच्या नव्या केसचं (बाहेरच्या कवचाचं) माप थोडं वेगळं असतं. माझ्या पहिल्या कामात वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजने तेच केलं आणि गिअरबॉक्स भोंग्यासारखा रडायला लागला, पुन्हा सगळं उघडावं लागलं. डायल गेज (काट्याचं बारीक मापयंत्र) लावून बॅकलॅश, म्हणजे क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक, चार ठिकाणी मोज. मग क्राउनच्या दातांना निळा रंग लावून फिरव, ठसा दाताच्या मधोमध आला पाहिजे.

गिअरबॉक्सच्या बाजूच्या भोकातून ऑइल ओघळेपर्यंत भर. रविवारी पहाटे खारघरच्या मोकळ्या मैदानात सावकाश इंग्रजी आठ काढ, दोन्ही बाजूंना. तीन हात नाक्यावर वळताना मागून कटकट आली तर घाबरू नकोस, प्लेटवाल्या एलएसडीत मॉडिफायर थोडा कमी पडलाय. 500 किमीनंतर ऑइल बदल आणि ऑइल काढायच्या बोल्टच्या मॅग्नेटवरचा गाळ बोटांत चोळून बघ: बारीक भुकटी चालेल, कण टोचले तर गाडी थांबव.