सासूबाईंची रेकी आणि बीपीची गोळी

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही नेरूळला राहतो. गेल्या श्रावणात सासरे गेले आणि तेव्हापासून सासूबाईंची (वय 69) झोपच उडाली. शेजारच्या सोसायटीतल्या एक बाई रेकी (अंगावर तळवे ठेवून करायचा उपचार) देतात. आई आठवड्यातून दोनदा तिथे जातात आणि खरंच, त्या रात्री शांत झोपतात. पण आता त्या बाईंनी सांगितलंय की ऊर्जा मोकळी झाली आहे, बीपीची गोळी बंद केली तरी चालेल. आईंनी चार दिवस गोळी घेतलेली नाही. मी बोलायला गेले तर म्हणाल्या, "तुला माझं बरं झालेलं बघवत नाही." ह्यांना मध्ये पडायचं नाही. मी आईंचं तिथे जाणं बंद करू का?
– एक सून, नेरूळ

उत्तर: आधी गोळीचं बघू. आजच त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा, चार दिवस गोळी चुकली हे न लपवता सांगा आणि ते म्हणतील तशी सुरू करा. चुकलेल्या गोळ्या एकदम देऊन भरून काढायच्या नाहीत. बीपीच्या काही गोळ्या अचानक सोडल्या तर दाब उसळी मारतो. आणि दाब वाढलेला बहुतेक वेळा कळत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, माणूस अगदी प्रसन्न असतो. शांत वाटणं आणि दाब आटोक्यात असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी फक्त यंत्रावर दिसते.

आमच्या ठाण्यातल्या चाळीत माझ्या आईच्या वयाच्या एक काकू होत्या. त्यांनाही कोणीतरी असंच सांगितलं होतं. दोन महिने त्या खूप आनंदात होत्या. एका सकाळी नळावर पाणी भरताना हातातली कळशी सुटली आणि उजवी बाजू गेली. मी तेव्हा नर्सिंगला होते, घरातच होते, आणि गोळी बंद केल्याचं मला त्या दिवशी कळलं. पुढे त्या सहा वर्षं जगल्या, पण मला हाक मारायच्या ती नावाशिवाय. म्हणून या बाबतीत मी कोणाची भीड ठेवत नाही.

आता रेकी. ती मी स्वतः शिकले आहे. 1997 साली पाचपाखाडीत एका बाईंच्या हॉलमध्ये, शनिवार-रविवार दोन दिवस. जपानमधले मिकाओ उसुई 1922 मध्ये क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर 21 दिवस उपास करून बसले आणि त्यांना ही विद्या मिळाली, असं परंपरा सांगते. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी नौदलात डॉक्टर होते. हायाशींकडे उपचाराला आलेल्या हवायो ताकाता ती शिकल्या आणि हवाईला घेऊन गेल्या. तिथून ती जगभर पसरत आपल्या सोसायट्यांपर्यंत आली. डोक्यापासून पावलांपर्यंत ठरावीक जागी तळवे ठेवायचे, प्रत्येक जागी तीन ते पाच मिनिटं. तासभर तरी जातो.

शिकताना माझ्या तळव्यांना ऊब आली, झिणझिण्या आल्या. सासूबाईंनाही ती ऊब जाणवत असणार. ती खोटी नाही. मन निवलं की हातांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तळवे गरम होतात. पण त्या उबेवरून हातातून ऊर्जा वाहते असं म्हणता येत नाही. अमेरिकेत एमिली रोझा या शाळकरी मुलीने याची साधी परीक्षा घेतली होती. तिथे 'थेरप्यूटिक टच' म्हणून रेकीच्या जवळची पद्धत आहे. ती करणारे 21 जण तिने पडद्याआड बसवले, त्यांचे दोन्ही हात पडद्याखालून पुढे घ्यायचे, आणि ती आपला हात त्यांच्या एका हातावर, न टेकवता, धरायची. हात कोणत्या बाजूला आहे, एवढंच ओळखायचं होतं. 280 वेळांपैकी 123 वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी निम्मी उत्तरं बरोबर आली असती. 1998 मध्ये हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं. तेव्हा ती 11 वर्षांची होती. ते वाचल्यावर मी कोणालाही 'ऊर्जा देते' असं म्हणणं सोडून दिलं. हात ठेवणं मात्र सोडलं नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री जागा असलेला पेशंट कपाळावर हात ठेवला की श्वास लांबवतो, हे मी वॉर्डात किती रात्री पाहिलं आहे.

त्यामुळे आईंचं जाणं बंद करू नका. विचार करा, सासरे गेल्यापासून त्यांना कोणी हात लावला आहे का? इतकी वर्षं शेजारी झोपणारं माणूस गेलं. तुम्ही दोघं आठ-सव्वाआठच्या लोकलला धावता, घरात प्रेम आहे, पण स्पर्श नाही. त्या बाईंकडे आठवड्यातून दोन तास कोणीतरी फक्त त्यांच्याकडे लक्ष देतं. झोप तिथून आली आहे.

रात्री जेवणं झाली की काशाची वाटी घ्या. घरात नसेल तर भांड्यांच्या जुन्या दुकानात मिळेल. खोबरेल तेल किंवा तूप लावून त्यांचे तळपाय दहा-दहा मिनिटं घासा. टीव्ही बंद. बोलणं त्यांनी काढलं तरच. गोळीचा विषय त्या वेळी अजिबात नको. पहिले दोन दिवस त्या पाय मागे घेतील, "कशाला गं" म्हणतील. तरी करा. आणि एक दिवस वाटी तुमच्या यजमानांच्या हातात द्या. आईच्या पायाला हात लावण्यात 'मध्ये पडणं' काही नाही.

रेकीच्या बाईंना एकदा स्वतः जाऊन भेटा. भांडू नका. "तुमच्यामुळे आई झोपतात, तुमचे उपकार आहेत; गोळीचं तेवढं डॉक्टरांवर सोडा," असं म्हणा. त्यांना पटलं तर आईंनी खुशाल जावं. पटलं नाही तर मात्र दुसरी जागा शोधा. औषध बंद करायला सांगणाऱ्याच्या हाताखाली आपलं माणूस ठेवू नये. शिवाय रक्तदाब, मधुमेह, कर्करोग बरा करतो अशी मंत्र-तंत्राची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, हेही ठाऊक असू द्या.

प्रश्न: वय 27, घोडबंदर रोडला राहतो, आयटीत आहे. रात्री छातीत धडधडतं, आता मरतो की काय असं वाटतं. एकांनी फोनवरून 'डिस्टन्स हीलिंग'ची 11 सत्रं सांगितली आहेत, पैसे आधी भरायचे. माझ्यावर कोणाची तरी वाईट नजर आहे म्हणतात. घेऊ का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नको. जो आधी भीती घालतो आणि मग तीच उतरवायचे पैसे मागतो, त्याच्याकडे जाऊ नका. ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. थायरॉइडचं हार्मोन वाढलं तरी अशीच धडधड होते. सगळं नीट आलं तर हे पॅनिक, म्हणजे अचानक उसळणारी तीव्र भीती, असू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आपल्या ठाण्यात 1901 पासून मनोरुग्णालय आहे. लहानपणी त्याच्या नावाने आपल्याला चिडवलं गेलं म्हणून ओपीडीची पायरी चढायला लाजू नका. धडधड सुरू झाली की श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं. पण छातीत दुखू लागलं, घाम फुटला, हात भरून आला तर श्वास मोजत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.